भुऱ्याची खाज

कुत्र्याची खाज हा दिवाळी अंकात लिहिण्याचा विषय नव्हे, असं आमच्या घरात एकमताने ठरलेलं आहे. माणसं चकली खात खात अंक चाळतात, त्यांना खरूज, पिसवा आणि गोचिडांची वर्णनं वाचायला लावू नका, असं सौभाग्यवतींनी बजावलं आहे. त्यांचं म्हणणं रास्तच आहे. पण माझी अडचण अशी, की सारी नोकरी गुरांचा डॉक्टर म्हणून केली आणि तिच्यात लोकांनी मला सर्वांत जास्त वेळा विचारलं ते हेच: "डाक्टरसाहेब, कुत्रा सारखा खाजवून राहिला, कावून?" तेव्हा चकल्या आधी संपवाव्यात आणि मग पुढे वाचावं.

मी दुर्गचा. वडील नागपूरकडून रेल्वेत गार्ड म्हणून आले आणि आमचं बिऱ्हाड दुर्गच्या रेल्वे क्वार्टरात थाटलं गेलं. मी पशुवैद्यकाची पदवी घेतली तेव्हा आईने आळीत "मुलगा डॉक्टर झाला" एवढंच सांगितलं. कशाचा, असं कुणी विचारलंच तर ती चहा टाकायला उठायची. पहिली नेमणूक घराजवळच, दुर्गच्या सरकारी गुरांच्या दवाखान्यात मिळाली. तिथे बैल यायचे, म्हशी यायच्या, अडलेल्या गाईसाठी कुणीतरी धावत यायचं. कुत्र्याला दवाखान्यात आणायचं असतं, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. कुत्रं आजारी पडलं की ते आपापल्या हिमतीवर बरं व्हायचं, नाहीतर दिसेनासं व्हायचं.

मग शेजारी भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहू लागला आणि माझ्या नशिबात कुत्री आली. देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतून माणसं आली, त्यांच्या मागोमाग त्यांची कुत्रीही आली. मोठ्या साहेबांची मोठी कुत्री, लहान साहेबांची त्याहून मोठी. सगळीकडे लाल मुरमाची धूळ. पांढरं कुत्रं आठवड्यात भगवं व्हायचं. एका इंजिनिअरच्या बाईंना ते सहन होईना. त्या आपल्या झुपकेदार पांढऱ्या कुत्र्याला रोज कपड्यांच्या साबणाने घासून आंघोळ घालायच्या आणि दर आठवड्याला मला विचारायच्या, की इतकं स्वच्छ ठेवूनही हा खाजवतो कसा. मी म्हटलं, "बाई, तुमच्या अंगावर रोज धुण्याचा साबण घासला तर तुम्हीही खाजवाल." त्या रागावल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. कुत्रा बरा झाला असावा, कारण त्यांची मोलकरीण नंतर सांगत होती, की डॉक्टर उद्धट निघाला म्हणून बाईंनी आंघोळच बंद केली.

आता धंद्यातली गोष्ट सांगतो. कुत्रा खाजवतो याचा अर्थ त्याला खाज आहे एवढाच. कशाची, ते तो सांगत नाही, पण कुठे खाजवतो त्यावरून बरंच कळतं. शेपटीच्या बुडाशी चावत असेल तर पिसवा. कानात नि बोटांच्या बेचक्यात गोचिड. कानाच्या कडा आणि कोपरं उघडी पडली असतील तर खरूज. खरजेची एक गंमत आहे: कानाची कड दोन बोटांत धरून चोळली, की कुत्र्याचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलू लागतो. मी ते करून दाखवलं की मालक तोंडात बोटं घालायचे, माझ्या मलमाने जेवढा परिणाम होत नसे तेवढा या एका युक्तीने व्हायचा. खरजेचा किडा डोळ्यांना दिसत नाही. कातडी खरवडून काचेवर घ्यायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. आमच्या दवाखान्यातल्या सूक्ष्मदर्शकाचा आरसा तडकलेला होता, त्यामुळे मला प्रत्येक किड्याच्या जागी दोन दिसायचे. औषधं मोजकीच होती. पिवळं गंधकाचं मलम, गॅमेक्सिनची भुकटी आणि माझा आत्मविश्वास.

अशा दिवसांत एका पावसाळ्यात इंदूबाई बोरकर भुऱ्याला घेऊन आल्या.

इंदूबाई गोंदियाच्या. लग्न होऊन वर्ष झालं असेल-नसेल. नवरा नामदेव आधी दुर्गच्या यार्डात शंटर होता, आता कारखान्याच्या लाइनीवर आला होता. कुरुदच्या बाजूला ठेकेदारांच्या आणि रेल्वेच्या माणसांसाठी तात्पुरत्या क्वार्टरांची एक ओळ बांधली होती, तिच्या टोकाला त्यांची खोली. नामदेवाची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. शेजारपाजार म्हणाल तर तेलुगू, पंजाबी, बंगाली. लागून एक मराठी घर होतं, पण ते ओव्हरसियर पाटणकरांचं, रायपूरचं जुनं घराणं. पाटणकरीणबाई शंटरच्या बायकोशी बोलत नसत. त्यामुळे इंदूबाई दिवसभर मराठी बोलत ती भुऱ्याशी. भुऱ्या हा राखी रंगाचा गावठी कुत्रा, दुर्गच्या क्वार्टरातून त्यांच्याबरोबर मालट्रकमध्ये बसून आलेला.

"दोन महिने झाले जी," त्या म्हणाल्या, "सारखा खाजवतो. पोटाचे केस गेले सारे. बाजूवाल्या ओव्हरसियरचे पोट्टे पण खाजवून राहिले, तं ते म्हणते का याच्यानंच लागलं. त्यानं सफाईच्या इन्स्पेक्टरले सांगतलं. पोळ्याच्या आदी गाडी येऊन घेऊन जाते म्हणे याले."

सफाई खात्याच्या गाडीत चढलेलं कुत्रं परत उतरलेलं कुणी पाहिलं नव्हतं. पोळा महिन्याभरावर आला होता. त्या रडत नव्हत्या, पण भुऱ्याच्या गळ्यातली सुतळी त्यांनी हाताला दोन वेढे घालून धरली होती.

मी भुऱ्याकडे पाहिलं आणि मला आधी दिसला तो कुत्रा नव्हे, तर उभारणीच्या कामावरचा सगळा कच्चा माल. कारण भिलाईत त्या काळी प्रत्येक माणूस कशाचा ना कशाचा तज्ज्ञ होता आणि रिकामा वेळ मिळाला की भुऱ्याकडे वळायचा. डंपरच्या ड्रायव्हरने त्याला जळकं मोबिल ऑइल चोपडलं होतं. रस्त्याच्या मुकादमाने पाठीवर डांबराचा हात फिरवला होता. रंगाऱ्याने टर्पेंटाइन लावून पाहिलं होतं, तेव्हा भुऱ्या अर्धा दिवस सापडला नव्हता. एका रशियन तज्ज्ञाने दुभाष्यामार्फत सल्ला दिला होता, की याला रोज मासा खाऊ घाला. भिलाईचं पहिलंवहिलं पोलाद ओतलं जायच्या आधी या देशाची सगळी तंत्रविद्या भुऱ्याच्या कातडीवर आजमावून झाली होती.

"हे सगळं कुणी लावायला सांगितलं?" मी ओरडलो.

"कोणी सांगतलं नाई जी. जो येते तो लावते," इंदूबाई म्हणाल्या. "मी कोणाकोणाले नाई म्हणू?"

मी त्याला दवाखान्यात ठेवून घेतलं. तेल-डांबर हलक्या हाताने काढलं, कातडी खरवडून पाहिली. तडकलेल्या आरशातूनही एक किडा दिसला नाही. कानाची कड चोळली, पाय हलला नाही. पिसवा नाहीत, गोचिड एखाददुसरी. तरी मी गंधकाचं मलम लावलं, कारण दुसरं काही लावायला नव्हतं. भुऱ्या बैलांच्या गोठ्यात भाताच्या तणसावर झोपायचा आणि आठवड्याभरात खाजवायचा थांबला. पोटाची लाली गेली. मी खूश झालो. "कसं असतं, योग्य औषध पडलं पाहिजे," असं मी इंदूबाईंना चार लोकांदेखत सांगितलं आणि त्यांनीही भक्तिभावाने मान डोलावली.

घरी गेल्यावर भुऱ्या दोन-तीन दिवसांत पुन्हा खाजवायला लागला.

त्या पुन्हा आल्या. मी पुन्हा ठेवून घेतलं, पुन्हा मलम, पुन्हा गुण, पुन्हा चार लोकांदेखत भाषण. घरी गेला की पुन्हा तेच. आता त्या भक्तिभावाने मान डोलवेनात. "साहेब, तुमच्या घरीच ठेवा मंग याले," त्या म्हणाल्या, "तुमच्याइथं बरा राहते." मला ते टोमण्यासारखं लागलं. पण गंमत म्हणजे सगळं निदान त्या वाक्यातच होतं आणि मी ते ऐकून घेऊन चिडलो फक्त.

पोळ्याच्या दोन दिवस आधी मीच सायकल घेऊन निघालो. म्हटलं, घर बघू, काय खातो, काय पितो, कुणाशी खेळतो ते पाहू. निघताना उघडीप होती, निम्म्या वाटेत पावसाने झोडपलं. खाकी हाफपँटीतून पाणी ठिबकत इंदूबाईंच्या दारात पोहोचलो. घरात एकुलती एक खुर्ची होती, लग्नात मिळालेली, अजून तिच्यावरचा वेष्टणाचा कागद काढला नव्हता. ओल्या कपड्यांनी तिच्यावर बसणं मला बरं वाटेना. दाराशी पोतं अंथरलेलं होतं, भुऱ्याचं अंथरूण. भुऱ्या शहाण्यासारखा सरकला आणि मी त्याच्या शेजारी मांडी घालून बसलो.

चहा झाला. पाहणी झाली. कुत्रा भात खातो, हातपंपाचं पाणी पितो, कुणाशी खेळत नाही. मला काही उमगलं नाही. "बघतो दुसरं मलम मागवून," असं काहीतरी पुटपुटून मी उठलो. इंदूबाई दारापर्यंत आल्या. त्यांचा उतरलेला चेहरा डोळ्यांसमोर घेऊन मी सायकलीवर बसलो.

फार लांब गेलो नसेन, मांड्यांना चुरचुरायला लागलं. वाटलं, ओल्या पँटीने घासत असेल. मग पोटऱ्या. मग घोट्याजवळ. सायकल एका हाताने धरून मी दुसऱ्या हाताने खाजवू लागलो. रस्त्याच्या कामावरच्या रेजा, म्हणजे मजूर बाया, हसायला लागल्या. दुर्गच्या फाटकापर्यंत माझी अशी अवस्था झाली, की फाटकवाल्याने, तो वडिलांच्या ओळखीचा होता, विचारलं, "काय डाक्टर, कुत्रे तपासून आले का?"

मी फाटकाशी उतरून स्वतःचे पाय पाहिले. जिथे जिथे ओली कातडी त्या पोत्याला लागली होती तिथे तिथे लाल चट्टे. वरच्या बाजूला काही नाही. भुऱ्याच्याही पाठीला काही नव्हतं, जे होतं ते मुकादमाच्या डांबराने. पोट, काखा, जांघा. जमिनीला टेकतं ते सगळं.

पोतं सिमेंटचं होतं.

हे बाहेरच्यांना नीट सांगायला हवं. त्या काळी सिमेंट तागाच्या पोत्यांतून यायचं आणि भिलाईत पोत्यांचा सुकाळ होता. रिकामं पोतं झटकलं, की त्याचं काहीही व्हायचं: पायपुसणं, न्हाणीचा पडदा, भाजीवाल्याची बैठक, झोपडीचं दार. झटकलं, म्हणतो मी. धुत कुणी नसे, कारण सिमेंटचं पोतं धुतलं की वाळून लाकडाच्या फळीसारखं ताठ होतं, हे सगळ्यांना एकदा धुऊन कळलेलं होतं. म्हणून झटकायचं आणि वापरायचं. विणीत बसलेलं सिमेंट उन्हाळ्यात गप्प असतं. पावसाळ्यात ओलं अंग टेकलं की ते चुन्यासारखं चावतं. भिजून आलेला भुऱ्या रोज त्यावर लोळत होता, खाजवून कातडी सोलवटली की तिच्यात आणखी भरत होतं. आणि मी त्याला गोठ्यातल्या तणसावर बरा करून त्याच पोत्यावर परत पाठवत होतो.

मी तसाच माघारी फिरलो. इंदूबाई मला पाहून घाबरल्या, त्यांना वाटलं काही विसरलं. "हे पोतं कुठून आलं?" मी विचारलं.

"बाजूच्या पाटणकरसाहेबानं देल्लं जी, पावसाळ्याच्या तोंडी. म्हणे तुमचा कुत्रा आमच्या दारात झोपते, त्याले तुमच्या दारात टाकून द्या. तेवढी एकच गोष्ट देल्ली त्यानं."

पाटणकर एका ठेकेदाराच्या सिमेंट गोदामावर होते. रिकामी पोती मोजून परत करायची असतात, हे त्यांनाच काय, गोदामातल्या उंदरांनाही ठाऊक होतं. मी त्यांच्या दारावरून जाताना आत नजर टाकली. न्हाणीला पोत्याचा पडदा. ओसरीवर पोती अंथरलेली आणि त्यांवर तिघं पोरं पाढे म्हणत, एका हाताने पोटऱ्या खाजवत बसलेली. मला माणसांवर औषध करायची परवानगी नाही, म्हणून मी काही बोललो नाही. भुऱ्याचं पोतं तेवढं इंदूबाईंच्या घरातून उचललं. त्याच्या जागी त्यांनी आपल्या जुन्या लुगड्याची चौघडी घातली.

दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, गाडी आली. मी आधीच येऊन बसलो होतो, या वेळी फुलपँट घालून. सफाई इन्स्पेक्टर पोरगेलासा माणूस, हातात दोरीचा फास धरलेला साथीदार त्याच्या मागे. पाटणकर बनियनवर बाहेर आले. गल्ली जमली. इंदूबाई भुऱ्याला पोटाशी धरून उंबऱ्यावर बसल्या होत्या, आत नामदेव रात्रपाळी करून झोपला होता आणि त्याला त्यांनी उठवलं नव्हतं. पाळी चुकली तर साहेब ओरडेल, हीही भीती होतीच.

"खरुजलेलं जनावर आहे," पाटणकर म्हणाले, "माझ्या तिन्ही मुलांना लागण झाली आहे. सरासर नियम के खिलाफ आहे असं कुत्रं वस्तीत ठेवणं."

"मी सरकारी पशुवैद्य आहे," मी म्हणालो. "याला खरूज नाही. याला जे झालं ते एका पोत्यामुळे झालं." आणि घडी केलेलं पोतं मी पिशवीतून काढून इन्स्पेक्टरसमोर धरलं. गोदामाचा शिक्का वरच्या बाजूला आला, तो मी आणला असं नाही, पण झाकलाही नाही. "आता प्रश्न एवढाच, की हे पोतं आणि याच्यासारखी आणखी किती पोती या ओळीत कुठून..."

"अहो डॉक्टर!" पाटणकर मध्येच म्हणाले. त्यांच्या आवाजात मी पूर्वी न ऐकलेला गोडवा आला होता. "मुका जीव आहे हो. आपण माणसांनीच सांभाळून घ्यायचं. सणाच्या तोंडावर कशाला कुणाचा तळतळाट? इन्स्पेक्टरसाहेब, जाने दीजिए. माझी तक्रार नाही."

इन्स्पेक्टरने पोत्याकडे पाहिलं, पाटणकरांकडे पाहिलं, त्यांच्या ओसरीकडे पाहिलं. तो दिसला तितका पोरगेला नव्हता. "ठीक है," म्हणाला आणि फास गुंडाळायला सांगून निघून गेला. संध्याकाळपर्यंत पाटणकरांच्या घरातून सगळी पोती नाहीशी झाली, न्हाणीला जुनी साडी आली.

पोरांची खाज काही दिवसांत गेली. तेव्हा पाटणकर सगळ्या वस्तीत सांगत फिरले: "पाहिलंत? कुत्रं बरं झालं तशी मुलंही बरी झाली. मी म्हणत नव्हतो, त्याच्यापासूनच लागलं होतं म्हणून?" हे ऐकून मी जो हात कपाळाला लावला तो अजून पुरता खाली आलेला नाही. लोकांनाही त्यांचंच पटलं. माझ्या पोत्याच्या निदानावर गल्लीत एकट्या इंदूबाईंचा विश्वास होता.

एक गोष्ट मात्र मला हसून सांगता येत नाही. भुऱ्याचं पोतं एकच होतं. ज्या रेजा बाया ती पोती दिवसभर डोक्यावर वाहत, ओल्या हातांनी घमेली उचलत, त्यांचे तळहात मी येताजाता बघत होतो. त्यांतली एक बाई एकदा सायकलला अडवून म्हणाली होती, "हमू मन ला घलो दे न, डाक्टर बाबू, वो पिंवरा मलम." आम्हालाही द्या ते पिवळं मलम. मी हसून म्हणालो होतो, की हे जनावरांचं आहे. त्यांच्यासाठी कुणी तक्रार केली नाही, कुणी इन्स्पेक्टर आला नाही, आणि आज कारखान्याच्या चिमण्या भिलाईच्या स्मृति नगरातल्या आमच्या गच्चीवरून दिसतात तेव्हा मला ते हात आठवतात आणि वाईट वाटतं. मलम त्यांना लागू पडलं नसतं, हेही खरं. पण द्यायला काय जात होतं?

दिवाळीच्या सुमारास मी कुरुदकडच्या फेरीत इंदूबाईंकडे डोकावलो. भुऱ्याच्या पोटावर मऊ राखी केस आले होते. चौघडीवर पाय पसरून तो मेल्यासारखा झोपला होता, इतकी निवांत कुत्री मी फार पाहिली नाहीत. त्यांनी मला कागद काढलेल्या खुर्चीवर बसवलं, करंज्या दिल्या. मला कौतुक ऐकायचं होतं, ते काही येईना. शेवटी मीच म्हटलं, "आता अगदी बरा आहे ना?"

"बरा आहे जी," त्या म्हणाल्या. मग हसल्या. "पण तुमाले खरं सांगू का? यांची रातपाळी असली का मी एकटीच राहते. पयले रातभर याचं खरखर, खरखर चालू राहे. मी शिव्या देऊ. पण मनात राहे का कोणी तरी जागं आहे घरात. आता हा असा गपचिप झोपते का मलेच जाग येते. हात लावून पायते, आहे का गेला."

मी हातातली करंजी बशीत ठेवली.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय, हाक मारते." त्यांनी बसल्या जागेवरून हलकेच म्हटलं, "भुऱ्या."

भुऱ्याने डोळे उघडले नाहीत. शेपूट तेवढं उचललं आणि एकदा जमिनीवर आपटलं.

"तेवढं बस होते," इंदूबाई म्हणाल्या आणि माझ्या बशीत आणखी एक करंजी ठेवली.